मवाळ, नेमस्त आणि मंदगामी

बेळगावात एखाद्याबद्दल 'तो हल्ली मवाळ झालाय' असं कुणी म्हटलं, की ऐकणारा पुढचं काही विचारत नाही. तो थकला असेल, पोराच्या नोकरीपायी दबला असेल, नाहीतर कुणीतरी त्याला आपल्याकडे ओढला असेल, असं धरूनच गप्पा पुढे सरकतात. खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या कट्ट्यांवर हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे, आणि राजकारणाच्या बोलण्यात तो चांगल्या अर्थानं वापरलेला मला आठवत नाही. घरात तोच शब्द निराळा. "जरा मवाळ बोल की तिच्यासंगट," असं आई भावाला सांगायची, तेव्हा त्यात कमीपणा नव्हता.

माझं गणपत गल्लीजवळ डीटीपीचं दुकान आहे. मराठीची जुळणी श्रीलिपी या टंकात, कन्नडची नुडी या टंकात, आणि आता दोन्ही युनिकोडमध्ये. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल, मंडळांची पत्रकं, सगळं हाताखालून जातं. दोन्ही भाषांची प्रुफं मीच वाचते, त्यामुळे एकच गोष्ट दोन भाषांत कशी सांगितली जाते हे बघायची सवय लागली आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाला शंभर वर्षं झाली. १९२४ च्या डिसेंबरात टिळकवाडीत भरलेलं ते अधिवेशन. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते आमच्या गावात. शताब्दीच्या निमित्तानं शाळकरी मुलांसाठी एक छोटी पुस्तिका माझ्याकडे जुळणीला आली. डाव्या पानावर कन्नड, उजव्या पानावर मराठी. अधिवेशनाच्या आधीचा इतिहास चार-सहा परिच्छेदांत होता. काँग्रेसमधल्या तेव्हाच्या दोन गटांना कन्नड पानावर लिहिलं होतं 'मंदगामी' आणि 'तीव्रगामी'. समोर मराठीत 'मवाळ' आणि 'जहाल'.

ओळीसमोर ओळ लावताना मी तिथंच अडकले. कन्नड शब्द चालीचा आहे. एक सावकाश जाणारा, एक झपाट्यानं जाणारा. दोघांची वाट वेगळी आहे असं तो शब्द म्हणत नाही. मराठी शब्द हातानं चाचपून बघितल्यासारखा आहे. मवाळ म्हणजे मऊ. आणि जहाल काय असतं? विष जहाल असतं, औषध जहाल असतं, जीभ जहाल असते. हिंदीवाले नरम दल, गरम दल म्हणतात, तेही याच घरातलं. माणूस किती वेगानं आणि कोणत्या क्रमानं बदल मागतो हे मराठी आणि हिंदी शब्दांतून कळतच नाही. कळतो तो फक्त त्याचा स्वभाव, आणि तोही दुसऱ्यानं ठरवलेला.

इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत. मॉडरेट म्हणजे मापात राहणारा. ग्रॅज्युअलिस्ट म्हणजे बदल टप्प्याटप्प्यानं व्हावा असं मानणारा. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला पायरी हा शब्द आहे, पदवीधराचा ग्रॅज्युएटही त्याच मुळाचा. मॉडरेट माणूस मागणीच थोडी करेल. ग्रॅज्युअलिस्टाची मागणी पूर्ण असू शकते, फक्त तिथं पायऱ्या चढून जायचं असं तो म्हणतो. आपण दोघांनाही मवाळ म्हणून मोकळे होतो, आणि मग ज्याला सगळं हवंय पण एकेक करून हवंय त्याला 'याला काही नकोच आहे' असं म्हणणं सोपं जातं.

खरं तर मराठीत एक चांगला शब्द होता. नेमस्त. जुन्या वर्तमानपत्रांत गोखल्यांच्या पक्षाला नेमस्त पक्ष म्हणत. नेमस्त म्हणजे ठरलेलं, मापातलं, नियमानं चालणारं. त्यात मला नेम ऐकू येतो, वारीचा नेम, गुरुवारचा नेम. नेम पाळणारा माणूस मऊ असतो असं कुणी म्हणणार नाही. उन्हापावसात तोच टिकतो. पण 'जहाल' या शब्दाशेजारी 'मवाळ' जसा खटकन बसतो तसा 'नेमस्त' बसत नाही, आणि भाषणात, मथळ्यात, घोषणेत जोडीचा शब्दच जिंकतो. पुढे हीच मंडळी काँग्रेसबाहेर पडल्यावर त्यांना प्रागतिक म्हणू लागले. तो शब्दही गेला. मवाळ तेवढा राहिला.

या शब्दांबद्दल सगळ्यात नेमकं बोलून ठेवलंय ते टिळकांनी, ज्यांना आपण जहालांचे पुढारी म्हणतो त्यांनीच. २ जानेवारी १९०७ ला कलकत्त्यात त्यांनी नव्या पक्षाची तत्त्वं सांगणारं भाषण केलं. त्यात ते म्हणाले की मॉडरेट आणि एक्स्ट्रिमिस्ट हे दोन शब्द हल्लीच आले आहेत, त्यांचा संबंध काळाशी आहे, आणि काळाबरोबर ते बदलतील. आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील, जसे आजचे मवाळ काल जहाल होते. त्याच वर्षाच्या शेवटी सुरतेला खुर्च्या उडाल्या, व्यासपीठावर जोडा आला आणि काँग्रेस फुटली. भांडणाच्या ऐन भरात असलेल्या माणसानं आपल्याच बिरुदाबद्दल इतकं शांतपणे बोलावं, याचा मला फार आदर वाटतो.

आणि ते बोलणं खरं झालं ते बेळगावात. मंडालेहून १९१४ मध्ये सुटून आल्यावर टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये इथं भरलेल्या प्रांतिक परिषदेच्या वेळी होमरूल लीग काढली. जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष, न. चिं. केळकर चिटणीस. मागणी काय होती? ब्रिटिश साम्राज्यात राहून स्वराज्य, तेही सनदशीर मार्गानं. दहा वर्षांपूर्वी हेच कुणी म्हटलं असतं तर त्याला मवाळांत बसवलं असतं. सरकारला मात्र ते मवाळ वाटलं नाही. त्या वर्षीच्या तीन भाषणांवरून, त्यातलं एक बेळगावचं, टिळकांकडून वीस हजारांचा जातमुचलका आणि वर दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. उच्च न्यायालयात तो हुकूम रद्द झाला. टिळकांची बाजू तिथं जीनांनी मांडली. आमच्या गावातल्या किती पोरांना हे माहीत आहे कोण जाणे. टिळकवाडी, टिळक चौक म्हणताना आपण फक्त सिंहगर्जना आठवतो. पायरीची मागणी घेऊन आलेला साठीचा टिळकही याच मातीत उभा होता.

टिळकांबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. राजकारणात जहाल असलेला हा माणूस समाजसुधारणेत टप्प्याटप्प्यानं जाणारा होता. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानं मुलींच्या शरीरसंबंधासाठीचं वय दहावरून बारा झालं. टिळकांनी त्याला विरोध केला तो परक्या सरकारनं कायदा करू नये म्हणून. सुधारणा लोकांतून, शिक्षणातून यावी, असं त्यांचं म्हणणं. त्याआधी त्यांनीच सुचवलं होतं की सुधारकांनी आधी स्वतः शपथ घ्यावी, सोळाच्या आत मुलीचं आणि विसाच्या आत मुलाचं लग्न करणार नाही म्हणून. आगरकरांना हे थांबणं मान्य नव्हतं. मूल मरतंय तर कायदा आजच हवा, ही त्यांची बाजू. म्हणजे राजकारणातला जहाल इथं मंदगामी, आणि आगरकर इथं तीव्रगामी. आता यातलं मवाळ कोण? शब्द इथं हात टेकतो. माणसाच्या अंगावर शिक्का मारता येत नाही. कोणत्या प्रश्नात, कुणासाठी, किती वाट बघायची, हे दरवेळी विचारावं लागतं.

मला स्वतःला या वादात आगरकर बरोबर वाटतात. ज्याच्या अंगावर बेततं त्याला 'हळूहळू होईल' म्हणणं फार सोपं असतं.

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया प्रांतानं १७८० मध्ये गुलामगिरी टप्प्याटप्प्यानं संपवायचा कायदा केला. त्यात जे आधीच गुलाम होते ते गुलामच राहिले. कायद्यानंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेलं मूल मोकळं, पण अठ्ठावीस वर्षं मालकाची चाकरी करून झाल्यावर. त्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. कायदा झाला म्हणून गावात दिवे लागले असतील, आणि तिला कळलं असेल की आपण त्यात नाही. म्हणूनच पुढे तिकडे ग्रॅज्युअलिझम हा शब्द शिवीसारखा झाला. १९६३ मध्ये वॉशिंग्टनच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्याला गुंगीच्या औषधाची उपमा दिली ती याच रागातून.

आमच्याकडचं उदाहरण सौंदत्तीचं. यल्लम्माच्या डोंगरावर पौर्णिमेच्या जत्रांना आजूबाजूच्या साऱ्या मुलखातून माणसं जातात, मराठीही आणि कन्नडही. देवाला मुलगी सोडायची चाल इथं होती. मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा १९३४ मध्ये झाला, आणि बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात. कर्नाटकानं १९८२ मध्ये पुन्हा बंदीचा कायदा केला. दोन कायद्यांमध्ये जवळजवळ पन्नास वर्षं, आणि त्या पन्नास वर्षांत पोरी सोडल्या जातच होत्या. माझ्या आजोळच्या गल्लीत जोगवा मागायला येणारी एक बाई होती. लहानपणी तिच्या डोक्यावरची जग, म्हणजे देवीची टोपली, कवड्यांची माळ, कपाळभर भंडारा एवढंच दिसायचं. पुढे कळलं की तिला सोडली तेव्हा ती माझ्याएवढीच असेल, परकरातली. तिच्या बाबतीत कुणी 'समाज तयार व्हायला हवा' म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. आणि तरी हेही खरं आहे की दुसरा कायदा झाल्यावरही काम पुढे सरकलं ते घरोघर जाऊन, बचत गट काढून, जट कापायला बायांना राजी करून, मुलांच्या दाखल्यावर आईचं नाव लावून घेऊन. ते करणाऱ्या बाया एकेक घर घेत गेल्या. त्यांना मवाळ म्हणायची हिंमत कुणाला होणार नाही.

इथं मला वाटतं दोन माणसं वेगळी करायला हवीत. एकजण हळूहळू म्हणतो कारण त्याला ते होऊच नये असं वाटतं. दुसरा हळूहळू म्हणतो कारण उद्या सकाळी त्याला त्यातलं एक काम करायचंय. पहिल्यासाठी आपल्याकडे चालढकल, टोलवाटोलवी, वेळकाढूपणा असे चांगले खणखणीत शब्द आहेत; तेच वापरावेत. ओळखायचं कसं, तर पुढची पायरी कोणती आणि ती कधी, एवढं विचारावं. ज्याच्यापाशी उत्तर नाही तो वेळकाढू.

रानडे आणि त्यांच्या लोकांनी १८९६ मध्ये पुण्यात डेक्कन सभा काढली तेव्हा त्यांच्या जाहीरनाम्यात या नेमस्तपणाची व्याख्याच दिली होती. त्याचा आशय असा की अशक्य ते किंवा फार दूरचं ते मागत बसू नये. रोज, हाताशी असलेलं काम करत, स्वाभाविक वाढीतलं पुढचं पाऊल टाकावं, तडजोडीनं आणि न्यायानं. यातला 'रोज' मला महत्त्वाचा वाटतो. 'फार दूरचं मागू नये' हे मात्र मला पटत नाही. दूरचं मागावंच. पाऊल जवळचं टाकावं.

गोखल्यांनी १९११ मध्ये प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं ते असंच होतं. साऱ्या देशात एकदम सक्ती नाही. ज्या नगरपालिकेच्या किंवा लोकल बोर्डाच्या हद्दीत आधीच ठरावीक प्रमाणात मुलं शाळेत जातात तिथं, त्या संस्थेला वाटलं तर, आधी सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना सक्ती, मुलींना पुढे. इतकी पायरी-पायरीची मागणी, आणि तीही १९१२ मध्ये मतदानात पडली. तीन वर्षांनी गोखले गेले. शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा केला, कारण त्यांच्या हाती राज्य होतं. देशभरातल्या मुलांसाठी हक्काचा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. सक्तीला शंभर वर्षं लागली म्हणून गोखल्यांना हसायचं, की शंभर वर्षं आधी हा विषय कायदेमंडळाच्या टेबलावर ठेवला म्हणून हात जोडायचे? मी हात जोडते. कागल-कोल्हापुरात शिकलेला तो पोरगा सातासमुद्रापलीकडच्या राज्यकर्त्यांना आकडे मांडून मांडून दमवत होता. ते काही मऊ काम नव्हतं. गांधीजींनी त्यांना राजकीय गुरू मानलं, आणि त्याच गांधीजींना कुणी मवाळ म्हणत नाही.

इंग्लंडात तर हळू जाण्याला लोकांनी झेंड्यावर घेतलं. १८८४ मध्ये लंडनमध्ये फेबियन सोसायटी निघाली, समाजवाद टप्प्याटप्प्यानं आणायचा म्हणणाऱ्यांची. नाव घेतलं फेबियस या रोमन सेनापतीचं, जो हॅनिबलशी समोरासमोरची लढाई टाळत राहिला आणि ज्याला लोक 'रेंगाळणारा' म्हणून चिडवत. चिन्ह घेतलं कासवाचं. अॅनी बेझंट या सोसायटीत होत्या, आणि १९१६ च्या सप्टेंबरात मद्रासकडे दुसरी होमरूल लीग काढणाऱ्याही त्याच.

शब्द वापरायचा झाला तर मी असं वापरते. माणूस भांडण टाळणारा असेल, बोलणं सौम्य असेल, तर मवाळ. मागणी थोडीच असेल तर माफक. मार्ग कायद्याचा, अर्ज-विनंतीचा असेल तर सनदशीर. सनदशीर माणूस घाईतलाही असू शकतो. आहे तीच चौकट ठेवून आतून दुरुस्ती हवी असेल तर सुधारणावादी. आणि ज्याला पुरतं मुक्काम गाठायचाय पण क्रमानं, नेमानं, त्याच्यासाठी नेमस्त. 'क्रमवादी' असा शब्दही सुचवला जातो. तो वर्गात चालेल, गल्लीत चालणार नाही. कन्नडमधला मंदगामी घ्यायला मला आवडलं असतं, पण मराठी कानाला 'मंद' म्हटलं की बुद्धीच आठवते. 'सावकाश' तेवढा दोन्ही भाषांत सारखा आहे. बाजारात कन्नड बाई आणि मराठी बाई एकमेकींना तोच म्हणतात, आणि दोघींना तो कळतो. 'निधानवे प्रधान', म्हणजे सावकाशपणाच मोठा, ही कन्नड म्हण तर इथल्या मराठी घरांतही ऐकू येते.

सीमाभागात हा सगळा शब्दांचा खेळ राहत नाही. १९५६ पासून आम्ही या बाजूला, म्हणजे आजच्या कर्नाटकात आहोत. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना फुलं वाहतो, १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतो. या सीमावादावरचा महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, सर्वोच्च न्यायालयातला महाराष्ट्राचा दावा २००४ चा. तिसरी पिढी वाट बघते आहे. या वाट बघण्यात घराघरांत एक वाद झालेला आहे, माझ्या माहेरीही झाला. निकाल लागेपर्यंत इथं काहीच मागायचं नाही, मागितलं तर इथलं असणं मान्य केल्यासारखं होतं, असं म्हणणारे एका बाजूला. आणि निकाल लागेल तेव्हा लागेल, तोवर उतारा मराठीत द्या, मतदार यादी मराठीत द्या, शाळेला मराठीचा मास्तर द्या, असं म्हणणारे दुसऱ्या बाजूला. माझे वडील पहिल्या बाजूचे. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात ते होते, आणि त्या काळात रात्री घरी कडी कशी लावायची नाही, बाबा कधीही येतील, हे मला आठवतं. त्यांच्यासारख्यांच्या जिद्दीशिवाय मागायला कुणी उरलंच नसतं. थोरल्या काकांना ते तोंडावर मवाळ म्हणायचे. एका दिवाळीला दोघे एकमेकांशी बोलले नाहीत.

काका घटनेची कलमं पाठ असलेला माणूस. ३५०अ, मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण. ३५०ब, भाषिक अल्पसंख्याकांसाठीचा अधिकारी. जिथं अशी वस्ती पंधरा टक्क्यांच्या वर तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही, हा नियम ते कार्यालयात जाऊन साहेबासमोर शुद्ध कन्नडमध्ये सांगतात. एका कार्यालयानं त्यांचा अर्ज मराठीत आहे म्हणून परत दिला, तेव्हा त्यांनी तोच अर्ज तीन भाषांत लिहून पोच घेतली. त्यातनं एक छापील नमुना मराठीत मिळाला. एकच. आता गल्लीतल्या बाया तो भरतात, कुणाला विचारावं लागत नाही. काकांनी १ नोव्हेंबरचा मोर्चा कधी चुकवला नाही, हे बाबांनाही माहीत होतं.

काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. गुडघे दुखतात, तरी पायऱ्या चढून दुकानात येतात, फाईल काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, "पोरी, सावकास टाईप कर, पण आजच कर. मुदत उद्याची आहे."